पुस्तक उघडण्याआधीचे तीन आठवडे

आपल्या शाळेत जून महिन्यात इंग्रजीचा पहिला धडा सुरू होत नसे. शाळा जूनच्या मध्याला भरायची, बालभारतीची नवी पुस्तके पहिल्याच आठवड्यात हातात पडायची, त्यांना खाकी कव्हरेही चढायची. पण इंग्रजीच्या तासाला पुस्तक दप्तरातच राहायचे. सहावी-सातवीला पहिला धडा उघडायला जुलै उजाडायचा. पालक विचारायला येत, पोर्शन मागे पडणार नाही ना? तो पडत नसे. सहामाहीपर्यंत सगळे धडे होऊन उजळणीलाही वेळ उरायचा, आणि त्याचे कारण त्या तीन आठवड्यांच्या कामात होते: आधी मुलांचे वाचन तपासायचे, मग उच्चार आणि वाक्ये पक्की करायची. आज मी स्वतः पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी भरपूर येतील, म्हणून मी फक्त ती पद्धत तपशिलाने लिहून ठेवते आहे.

पाचवीचे वेगळे होते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलांचे इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचे, त्यामुळे पाचवीला तपासायला काहीच नसे. पहिला आठवडा फळ्यावर एक अक्षरही लिहिले जात नसे. ‘स्टँड अप’, ‘कम हिअर’, ‘शट द डोअर’, ‘गिव्ह मी द डस्टर’ अशा दहा-बारा आज्ञा. इंग्रजीच्या बाई आधी स्वतः करून दाखवत, मग बाकांची एक ओळ करे, मग एकेकटे मूल. ऐकून कृती बरोबर झाली तर तेवढे पुरे होते; लगेच बोललेच पाहिजे असा आग्रह नसे. दुसऱ्या आठवड्यात अक्षरे, तीही आधी लहान लिपीतली. छापील पानावर बहुतेक सगळी अक्षरे लहानच असतात. नुसत्या मोठ्या लिपीवर आठवडे घालवलेले मूल ‘कॅट’ मोठ्या अक्षरांत ओळखते आणि तोच शब्द लहान अक्षरांत समोर आला की थबकते. आणि ‘बी’ व ‘डी’ ही दोन अक्षरे एकाच आठवड्यात कधीही घेतली जात नसत. एक हातात पूर्ण बसले की मगच दुसरे. जोडीने शिकवली की ती जोडीनेच चुकतात, आणि मग सातवीपर्यंत चुकत राहतात.

सहावी आणि सातवीचा पहिला आठवडा मात्र वाचन ऐकण्याचा. वर्गात 60 मुले. एकाला दीड मिनिट धरले तर 90 मिनिटे, म्हणजे 35 मिनिटांच्या तीन तासिका. बाकीचा वर्ग चाररेघी वहीत लेखन करत असे आणि एकेक मूल टेबलाशी येई. उतारा साधारण 50 शब्दांचा, मागच्या इयत्तेच्या शेवटच्या धड्यांतला, पण नावे बदललेली आणि वाक्ये पुढेमागे केलेली. असे चार उतारे आळीपाळीने वापरायचे. एकच उतारा ठेवला तर दहाव्या मुलापर्यंत तो पुढच्या दोन बाकांना पाठ होतो. नावे न बदलता धडाच वाचायला दिला तर मूल वाचत नाही, म्हणते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: शब्दाखाली बोट ठेवून वाचायला सांगायचे. तोंड बोटाच्या पुढे पळाले की समजायचे, पाठ आहे.

ऐकणाऱ्याने मध्ये दुरुस्ती करायची नाही. हातातल्या उताऱ्याच्या प्रतीवर खुणा करायच्या. शब्द गाळला तर आडवी रेघ, वेगळाच वाचला तर जे वाचले ते वर लिहायचे, बराच वेळ अडला तर उभी रेघ, सांगावा लागला तर गोल. चुकून मग स्वतःच सुधारला तर बरोबरची खूण करायची आणि ती चूक धरायची नाही, कारण अर्थाकडे लक्ष असल्याशिवाय कोणी स्वतःची चूक पकडत नाही. 50 शब्दांत 2 चुकांपर्यंत असेल तर मूल एकट्याने वाचू शकते. 3 ते 5 असतील तर जोडीदार लागतो. त्याहून जास्त असतील तर नव्या पुस्तकातला धडा त्याच्यापुढे ठेवून उपयोग नाही, त्याला सोप्या मजकुरावरूनच वर आणावे लागते.

आकड्यापेक्षा वर लिहिलेले चुकीचे शब्द जास्त बोलतात. ‘हॉर्स’ला ‘हाउस’ वाचणारे मूल पहिली दोन आणि शेवटची दोन अक्षरे पाहते, मधले सोडते. ‘वॉज’ला ‘सॉ’ वाचणाऱ्याची नजर उजवीकडून डावीकडे फिरते आहे. ‘फ्रॉम’, ‘फॉर’ आणि ‘फॉर्म’ यांची गल्लत करणाऱ्याला अशा छोट्या, सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा सराव हवा, मोठ्या शब्दांच्या अर्थांची यादी नको. तिघांच्याही चुका चार असतील, पण उपाय तीन वेगळे. ‘वाचन कच्चे’ असा एकच शेरा मारला की हे सगळे हरवते, आणि आजही अनेक ठिकाणी तोच शेरा वर्षभर टिकतो याचे मला वाईट वाटते.

मग बाकांची नवी मांडणी व्हायची. सर्वांत कच्च्या मुलाशेजारी वर्गातला सर्वांत हुशार मुलगा बसवायचा नाही. तो अडलेला शब्द लगेच सांगून मोकळा होतो. मधल्या गटातले मूल शेजारी हवे, ज्याला तो शब्द स्वतःलाही थोडा आठवावा लागतो. दोघांचेही वाचन त्यात सुधारते.

दुसरा आठवडा उच्चारांचा, आणि यात आपल्या शाळेचा हात कोणी धरावा असे मला अजून दिसलेले नाही. मराठी तोंडाला काय जड जाते हे बाईंना नेमके ठाऊक होते. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, ‘वन’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा. ‘फॅन’ला आपल्या ‘फळ’मधला फ चालत नाही, तिथेही दात ओठावरच. ‘झू’ हा शब्द ‘झाड’मधल्या झने म्हटला जातो, त्याऐवजी ‘जरा’मधला ज घ्यायचा आणि जीभ टाळ्याला न टेकवता तो लांबवायचा. ‘जेवण’मधला ज मात्र नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’ आपण लिहिताना वेगळे करतो, बोलताना नाही, म्हणून ती जोडी रोज पाच मिनिटे. ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांच्यात मात्र आपल्याला अर्धचंद्राची आयती मदत आहे.

सगळ्यांत जास्त वेळ भूतकाळाच्या ‘ईडी’ला दिला जाई. त्याचे तीन उच्चार आहेत आणि मुले तिन्हीकडे ‘एड’ लावतात: ‘वॉकेड’, ‘जम्पेड’. रीत अशी होती. तळहात गळ्याला लावायचा आणि मूळ क्रियापदाचा शेवटचा ध्वनी म्हणायचा. गळा थरथरला नाही तर शेवटी ट्: वॉक्ट, जम्प्ट. थरथरला तर ड्: प्लेड, कॉल्ड. शेवटी आधीच ट् किंवा ड् असेल तरच जास्तीचा स्वर: वॉन्टिड, नीडिड. लक्ष ध्वनीवर ठेवायचे, स्पेलिंगच्या शेवटच्या अक्षरावर नाही, नाहीतर ‘लाफ’ला फसायला होते, त्यात शेवटी ‘जीएच’ आहे, पण ऐकू येतो फ, म्हणून लाफ्ट. ही एक गोष्ट जूनमध्ये पक्की झाली की पुढे वर्षभर गोष्टींचे वाचन कानाला बोचत नाही.

इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून ठेवण्याची सवय बहुतेक मुलांना असते. त्यात धोका असा की नजर वरच्या देवनागरीवर जाते आणि खालचा शब्द कधी वाचलाच जात नाही; पुस्तक बदलले की मूल पुन्हा शून्यावर. शाळेने बंदी घातली नव्हती, नियम केला होता. उच्चार शब्दावर न लिहिता समासात लिहायचा, तोही फक्त अडणाऱ्या तुकड्याचा, आणि शनिवारी खोडायचा. ‘वेन्सडे’मधला न ऐकू येणारा ‘डी’ असाच समासातून पाठ व्हायचा.

लेखनाच्या वहीबद्दल थोडक्यात. पहिली दोन पाने अनुक्रमणिकेला कोरी. चार रेघांपैकी मधल्या दोन निळ्या रेघांत अक्षराचे पोट, वरच्या लाल रेघेपर्यंत ‘एल’, ‘एच’, ‘के’ यांच्या उभ्या रेघा, खालच्या लाल रेघेपर्यंत ‘जी’, ‘वाय’ यांच्या शेपट्या. जुलैपर्यंत पेन्सिलच, कारण पावसाळी दमट कागदावर शाई फुटते आणि अक्षराचे पोट भरून जाते. जोडलिपीत खरी अडचण चार अक्षरांची: ‘बी’, ‘ओ’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’. बाकीची अक्षरे पुढच्या अक्षराला तळातून जोडतात, ही चार वरून. ‘ओ’ची जोड खाली ओढली की त्याचा ‘ए’ होतो. अशा मुलाचे स्पेलिंग बरोबर असूनही चूक धरले जाते, म्हणून ही चार जूनमध्येच वेगळी घोटून घेतली जात.

तिसऱ्या आठवड्यात वाक्ये, आणि तीही तोंडी. मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणाऱ्या मुलाच्या चुका ठरलेल्या असतात. आपण वडिलांना आदराने अनेकवचन लावतो, म्हणून ‘माय फादर हॅव कम’. आपल्याकडे चेंडू तो आणि खुर्ची ती, म्हणून निर्जीव वस्तूंनाही ‘ही’ आणि ‘शी’. ‘टेबलावर’ मध्ये ‘वर’ शेवटी येतो, म्हणून ‘टेबल ऑन’. या चुका मुलाच्या निष्काळजीपणाच्या नाहीत, त्याची मराठी चांगली असल्याच्या आहेत. बाई तसे स्पष्ट सांगत, मराठी वाक्य फळ्याच्या डाव्या बाजूला, इंग्रजी उजव्या बाजूला लिहीत आणि कोणता शब्द कुठे सरकला ते खडूने बाण काढून दाखवत. एका तासिकेला तीनच वाक्ये, पण प्रत्येक वाक्य कर्ता बदलून सहा वेळा.

वाचनाची तासिका वेगळी होती, शनिवारी सकाळच्या शाळेत. त्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही पुस्तके एकाच पेटीत असत, आणि हे फार शहाणपणाचे होते. जे मूल मराठीत अडखळते ते इंग्रजीतही अडखळणार. म्हणून जूनमध्ये मराठी वाचनाचीही चाचणी व्हायची, विशेषतः जोडाक्षरांची. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, ‘तऱ्हा’ या चार शब्दांत र चार रूपांत येतो; एवढे चार वाचून घेतले तरी बरेच कळते. पुस्तक निवडण्याचा नियम असा: मधलेच एखादे पान उघडायचे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे, पान संपण्याआधी मूठ वळली तर पुस्तक पेटीत परत. मनात वाचताना ओठ हलले तर पहिले काही आठवडे कोणी रागवत नसे. ओठ बंद करायला लावले की कच्चे मूल वाचणेच थांबवते आणि नुसती पाने उलटते.

शब्दकोशाची ओळखही याच तासिकेत. मुलांना पहिल्या अक्षराचा क्रम येतो, दुसऱ्या-तिसऱ्याचा येत नाही, त्यामुळे रोज पाच शब्द क्रमाने लावायला दिले जात. ‘वेन्ट’ शोधणाऱ्याला ‘गो’कडे जावे लागते हे आधीच सांगून ठेवावे लागते. आणि समोरचा पहिलाच अर्थ उचलायचा नाही. ‘वेल’ म्हणजे विहीर एवढेच टिपून घेतलेल्या मुलाला ‘शी सिंग्ज वेल’ या वाक्यात विहीर कुठून आली ते कळत नाही.

आता मुले पहिलीपासून इंग्रजी शिकून पाचवीत येतात, म्हणून टेबलाशी बोलावून वाचन ऐकण्याचे काम पाचवीपासूनच करावे लागते. कोरोनाच्या काळात शासनाने 1 जुलै 2021 पासून 45 दिवसांचा सेतू अभ्यास दिला, तेव्हा मागच्या इयत्तेचे आधी पक्के करण्याची ही रीत राज्यभर गेली. पण लेखी चाचणीतून मोठ्याने केलेल्या वाचनातली चूक दिसत नाही. ती कोणीतरी बसून ऐकावीच लागते, आणि शिक्षकांकडे नेमका तोच वेळ नसतो.

इथे माजी विद्यार्थ्यांचा उपयोग होऊ शकतो. येत्या जूनमध्ये शाळा भरल्यानंतरच्या दोन शनिवारी, पाचवी ते सातवीच्या प्रत्येक तुकडीसाठी सहा जण आले तर एकेकाच्या वाट्याला दहाच मुले येतील. इंग्रजी अस्खलित असण्याची गरज नाही, ऐकण्याचा धीर हवा. मुलाच्या शेजारी बसायचे, समोर नाही. मूल अडले की मनात पाचपर्यंत मोजायचे, मगच शब्द सांगायचा. शाबासकी शेवटी द्यायची, प्रत्येक वाक्याला नाही. खुणा वर दिल्या तशाच करायच्या. उताऱ्याच्या प्रती मी तयार करून देईन. खुणा केलेली प्रत त्याच दिवशी वर्गशिक्षकांच्या हाती द्यायची, आणि कोणाचे वाचन कसे आहे ते बाहेर कोणाला सांगायचे नाही.