घर बघायला भर पावसात या: परदेशातून नवी मुंबईत राहायला येणाऱ्यांसाठी

परदेशातून नवी मुंबईत कायमचं राहायला यायचं ठरवलं असेल, तर घर बघायला डिसेंबरात येऊ नका. डिसेंबरात इथलं प्रत्येक घर देखणं दिसतं. हवा कोरडी, भिंती नुकत्याच रंगवलेल्या, खाडीत फ्लेमिंगो उतरलेले. आम्ही मुद्दाम जुलैत आलो. मी ठाण्याची, नवरा डच, लेक तिकडेच जन्मलेली. नेदरलँड्समधला संसार आवरून इकडे यायचं नक्की झालंय आणि ही फेरी फक्त घर, शाळा आणि कागदपत्रं यांसाठी होती. इथे समुद्राच्या बाजूने चार महिने पाऊस लागतो आणि घर म्हणजे आधी त्या पावसाशी असलेलं नातं, हे तिकडे बसून कळत नाही.

मुक्काम ठाण्यात, नौपाड्याला आईकडे होता. ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, थेट नेरुळ-बेलापूरला उतरायचं. गाडीने फिरण्यापेक्षा लोकल आणि रिक्षाने फिरा. स्टेशनपासून बिल्डिंगपर्यंत पाण्यातून किती चालावं लागतं, हे गाडीच्या काचेतून दिसत नाही.

खारघरला एक फ्लॅट फोटोत सगळ्यांत आवडला होता. मोठा हॉल, समोर डोंगर, नवा रंग. आई सोबत होती. तिने बेडरूममध्ये शिरताच एजंटला सांगितलं, "हे कपाट जरा पुढे ओढा." तो म्हणाला, "मावशी, पावसात सगळीकडेच थोडं होतं, रंगाचा एक हात मारून देतो." कपाट ओढलं. मागे छतापासून जमिनीपर्यंत रंगाला पोपडे आले होते आणि खाली मिठासारखी पांढरी पूड सांडली होती. कपाटाच्या प्लायला पाठीमागून हिरवट बुरशी. आईने भिंतीवर तळहात टेकवला आणि मलाही टेकवायला लावला. भिंत गार आणि किंचित चिकट होती. ती नैर्ऋत्येची भिंत होती. इथला पाऊस बहुतेक वेळा त्याच अंगाने झोडपतो. बाहेरच्या प्लास्टरला भेगा असतील तर आतून कितीही रंग लावा, पाणी येतच राहतं.

म्हणून घर बघताना हे कराच. बाहेरच्या बाजूच्या प्रत्येक भिंतीला हात लावा, विशेषतः पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या. कपाटं उघडून वास घ्या. खिडकीच्या स्लायडिंगच्या पट्टीत पाणी तुंबलंय का आणि ते बाहेर जायला भोकं आहेत का, ते बघा. खिडकीवर छज्जा नसेल तर झड थेट गादीवर येते. सगळ्यांत वरचा मजला असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी झालं, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही. ड्राय बाल्कनी आहे का, तेही बघा. जून ते सप्टेंबर कपडे घरातच वाळवावे लागतात आणि ती जागा नसली की सगळ्या घराला ओल्या कपड्यांचा वास येतो.

पाणी साचण्याचं प्रकरण माझ्यापेक्षा नवऱ्याने जास्त मनावर घेतलं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 साली स्थापन झाली आणि तिने वाशी-नेरुळ-बेलापूरचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून वसवला. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी या भागापेक्षा वर चढतं, म्हणून डच पद्धतीने धारण तलाव बांधले. भरती आली की झडपा मिटतात आणि पावसाचं पाणी तळ्यात साठतं. ओहोटीला झडपा उघडल्या की ते खाडीत जातं. आपल्या देशातली युक्ती इथे बघून नवरा तळ्याच्या काठावर बराच वेळ रेंगाळला. पण त्याच्या लगेच लक्षात आलं, की तळ्यात गाळ भरलाय आणि कांदळवन वाढलंय, म्हणजे पाणी मावायची जागा कमी झालीय. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल गल्ल्यांत पाणी चढतं ते यामुळे.

तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. साडेचार मीटरच्या वरची भरती ज्या दिवशी असेल, त्या दिवशी भरतीच्या तासालाच तुमच्या मनातल्या बिल्डिंगपाशी जाऊन उभं राहा. ते जमलं नाही तर पार्किंगमधले खांब बघा. नेरुळला एका ठिकाणी खांबांवर गुडघाभर उंचीला चिखलाची सरळ रेघ होती आणि विजेचे मीटर त्या रेघेच्या जेमतेम वर. तिथून आम्ही लगेच निघालो. त्याच भागात थोड्या चढावर असलेली एक जुनी, साधी बिल्डिंग मात्र आम्हाला पसंत पडली.

जुन्या बिल्डिंगचा वेगळा प्रश्न असतो. वाशी-नेरुळमधल्या बऱ्याच जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असतात. घर भाड्याने घेणार असाल तर सोसायटीत तो विषय कुठवर आलाय, हे आधी विचारा, नाहीतर मुलांचं शाळेचं वर्ष चालू असताना सामान बांधावं लागेल.

जुलैत एक गोष्ट मात्र दिसत नाही, ती म्हणजे पाण्याची टंचाई. पावसाळ्यात सगळ्या टाक्या भरलेल्या असतात. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे नेरुळ-वाशीकडे पाण्याची स्थिती बरी असते. खारघर पनवेल महापालिकेत येतं, पाणी सिडकोकडून, आणि तिथे उन्हाळ्यात ओढाताण होते. सोसायटीचा एप्रिल-मेचा हिशोब मागा. टँकरवर किती खर्च झाला, ते त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. ठाण्यात घोडबंदर रोडची घरं मोठी आणि सुंदर आहेत, पण तिथल्या रस्त्यावरची कोंडी बघून आम्ही तो विचार सोडला.

आता कागदपत्रं. भाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार बहुतेक 11 महिन्यांचा असतो. "नोंदणी नको, नोटरी पुरे" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. महाराष्ट्रात या कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि भाडेकरूची माहिती पोलिसांनाही द्यावी लागते. ऑनलाइन नोंदणी आधारवर चालते. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे मला आधारसाठी थांबावं लागलं नाही. ओसीआय कार्डवाल्यांना (भारतीय वंशाचे किंवा भारतीयाशी लग्न केलेले परदेशी नागरिक, जसा माझा नवरा) मात्र मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिल्याशिवाय आधार मिळत नाही. म्हणून करार माझ्या नावावर करायचं ठरलं. ओसीआय असेल तर एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, नोंदणी लागत नाही. ज्यांचा जोडीदार लांब मुदतीच्या व्हिसावर येतोय त्यांनी आपल्या व्हिसावरची नोंदणीची अट नीट वाचावी. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या बहुतेक व्हिसांवर आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करावी लागते आणि ती ऑनलाइन होते. परदेशी माणसाला घरात ठेवणाऱ्याने 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरायचा असतो. घरमालकांना हे बहुधा माहीत नसतं, तुम्हीच मागे लागा. कायमचे परतलात की एनआरओ, एनआरई या अनिवासी भारतीयांच्या खात्यांबद्दल बँकेला कळवून ती बदलून घ्या. आणि ओसीआयवर शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. कर्जतकडचे प्लॉट दाखवणारे हे सांगत नाहीत.

शाळांचं थोडक्यात: राज्य बोर्डाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं एप्रिलमध्ये. तुमच्या परतण्याचा महिना त्यावरून ठरवा.

तब्येतीचं मी जरा पोटतिडकीने सांगते, कारण तिकडे वाढलेल्या मुलांना याची सवय नसते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली हे सगळं आठवड्यातून एकदा तरी रिकामं करून पुसून घ्या. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना विचारा. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीमुळे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप, त्यावरची प्रतिबंधक गोळी लवकर घेण्यातच अर्थ असतो. ताप आला तर डेंग्यूची शंका मिटेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉलवर राहा. तिकडून आणलेल्या औषधांच्या पेटीत आयबुप्रोफेन हमखास असतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

सामान आणताना हात आखडता ठेवा. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं फर्निचर इथल्या दमट हवेत फुगतं आणि स्क्रू धरत नाही. कातडी सोफा आणि बूट यांना बुरशी येते. जाड दुलया तिकडेच कुणाला तरी देऊन टाका. युरोपातली विजेची उपकरणं चालतात, कारण तिथेही इथल्यासारखेच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आहेत. फक्त प्लग बदलावे लागतात. अमेरिकेतून येणाऱ्यांनी मिक्सर, इस्त्री उचलून आणू नये. पुस्तकं आणायची असतील तर त्यांचं कपाट आतल्या भिंतीला लावा, बाहेरच्या कधीच नको. भर पावसात एसी ड्राय मोडवर रोज तासभर चालवला की कपाटं आणि गाद्या वाचतात.

आमचं नेरुळचं घर ऑक्टोबरपासून ठरलंय. मालकांना रंग आत्ता लावू नका, असं सांगून आलोय. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात भिंती पुरत्या वाळल्या पाहिजेत, मगच रंग टिकतो. सामानाचा कंटेनर न्हावा शेवा बंदरात उतरेल. तोही पावसाळा संपल्यावरच पोचेल, अशा बेताने काढायचा आहे. तुम्हीही पॅकर्सना तारीख देताना हाच हिशोब ठेवा आणि कस्टमसाठी पासपोर्ट घेऊन त्या आठवड्यात स्वतः इथे हजर राहा.