लसून, लसूण आणि माझा बॉट

शनिवार, रात्री पावणेबारा

टाकली एकदाची लिंक. अर्धा तास नुसता अंगठा धरून बसले होते. पतसंस्थेतून आल्यावर, जेवणं-भांडी उरकून, दोन महिने रोज तासभर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेशी झटापट केली, त्यातून टेलिग्रामवर हा खेळ उभा राहिला. बॉट, म्हणजे आपोआप मेसेज करणारा प्रोग्राम, कोडं घालतो, आपण उत्तर लिहायचं. नाहीच सुचलं तर 'हरलो' दाबायचं, मग चार पर्याय येतात. आजीची आठवतील तेवढी आणि आत्याला फोन कर-करून जमवलेली, अशी 32 कोडी झाली.

पायथन शिकणाऱ्यांच्या गटात टाकली, आणि धीर करून घरच्या गटातही. खाली लिहिलं, 'पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या.' हे लिहायला नको होतं. पंगतीत 'मीठ जरा कमी असेल हं' म्हणत वाढल्यासारखं झालं.

रविवार, सकाळ

काल सवयीने लॅपटॉप मिटून झोपले. बॉट त्याच लॅपटॉपवर चालतो, हे मला माहीत नव्हतं थोडंच! लॅपटॉप झोपला की बॉटही झोपला. पण लोकांचे मेसेज टेलिग्राम 24 तास सांभाळून ठेवतो. त्यामुळे सकाळी झाकण उघडलं आणि बॉट साठलेल्या सगळ्या उत्तरांवर एकदम तुटून पडला. एकाला 'पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब' हे कोडं आलं होतं. नोंदीत त्याचे मेसेज असे:

'कणीस'. बरोबर! पुढचं कोडं.
'अहो कणीस'. चूक! पुन्हा प्रयत्न करा.
'आहे का कुणी?' चूक! पुन्हा प्रयत्न करा.
'झोपला वाटतं'. चूक! पुन्हा प्रयत्न करा.

हसावं की रडावं कळेना. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, शेवटचं उत्तर तरी बरोबर धरायला हवं होतं.

रविवार, दुपार

तीन जणांची एकच तक्रार. 'सुपभर लाह्या, त्यात रुपया' या कोड्यावर 'हरलो' दाबलं की पुढे काहीच होत नाही. मी हजारदा खेळले, मला कधी दिसलं नाही. मग उजेड पडला: मी 'हरलो' दाबलंच नव्हतं, सगळी उत्तरं पाठ!

घोळ असा होता. पर्यायाचं अख्खं उत्तरच मी बटणाच्या पोटात कोंबलं होतं, आणि तिथे टेलिग्राम 64 बाइटच घेतो. बाइट म्हणजे संगणकातलं मजकूर साठवायचं माप. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, वर कान्याला, वेलांटीला, अनुस्वारालाही तीन-तीन. 'आभाळातल्या चांदण्या आणि चंद्र' मोजलं, 81 भरलं. आता बटणात फक्त कोड्याचा आणि पर्यायाचा क्रमांक ठेवलाय. दहा मिनिटांचं काम, पण दुरुस्तीसाठी बॉट बंद करून चालू केला तेव्हा सगळ्यांचे गुण पुसले गेले. ते मी कुठे लिहूनच ठेवत नव्हते. 'माझे 9 गुण?' असा मामेभावाचा मेसेज. बँकेत खातं रिकामं झाल्याच्या सुरात.

एका जाणकाराने लिहिलं, 'याला चॅटबॉट म्हणत नाहीत, नुसतं इफ-एल्स आहे.' म्हणजे 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर', एवढंच. आहेच. 1966 साली वायझेनबाम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात केलेली एलायझा, अगदी सुरुवातीची चॅटबॉट, तीसुद्धा ठरावीक शब्द हेरून ठरावीक साच्यातली उत्तरं द्यायची. तिची बरोबरी नाही करत मी, पण हे वाक्य फार लागलं नाही.

लागलं ते पुढचं.

रविवार, रात्र

'कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी.' याला एका अनोळखी बाईंनी उत्तर दिलं, 'लसून'. बॉट म्हणाला, चूक. त्यांनी पुन्हा 'लसून'. पुन्हा चूक. मग गटात लिहिलं: 'आमच्याकडं लसूनच म्हणत्यात. तुमचा बॉट पुण्याचा हाय का?'

मी कराडची. आमच्या घरात, बाजारात, भाजीवालीच्या पाटीवर लसूनच. शाळेत 'ण' घोटून घेतला तेवढाच काय तो. आणि आजीच्या तोंडचं कोडं घालून, आजीसारखं बोलणाऱ्या बाईला मी दोनदा 'चूक' म्हटलं, तेही उद्गारचिन्ह लावून. बाईंना काय उत्तर द्यावं ते सुचेना. नुसतं 'दुरुस्त करते' लिहिलं.

मंगळवार

उत्तर तपासण्याआधी आता बॉट 'ण'चा 'न' करतो, 'ळ'चा 'ल', दीर्घ सगळे ऱ्हस्व. दोन्ही बाजूंना सारखंच, म्हणजे लसून, लसूण, लसुन सगळे पास. माळ आणि माल त्याला एकच झाले, ते होऊ दे. 'चूक!' काढून 'अजून एकदा बघा की' टाकलं. गुण फाइलीत जायला लागले. लॅपटॉपचं झोपणं बंद केलंय, पण लाइट गेली की काय, ते पुढे बघू.

बाईंना कळवलं. त्यांनी 'लसून' लिहून पाहिलं, आणि उलट मलाच तीन नवी कोडी पाठवली. त्यातल्या एकाचं उत्तर अजून मला येत नाहीये.

संध्याकाळी आई खेळायला बसली. टायपिंगचा तिला कंटाळा, तिने माईकचं बटण दाबून जोरात 'लसून!' म्हणून पाठवून दिलं. बॉटला ऐकू येत नाही. ती दोन मिनिटं फोनकडे बघत राहिली, मग म्हणाली, "रुसला काय गं ह्यो?"