नक्षी जाड होती, तरी गाडी घसरली

डॉक्टरबाईंची गाडी त्या सकाळी टो होऊनच वर्कशॉपमध्ये आली. पुढचा बंपर गेलेला, डाव्या बाजूचा पत्रा चाकापर्यंत आत दबलेला. त्या जनावरांच्या डॉक्टर. डोंगरात वरपर्यंत त्यांना बोलावणी येतात, वेळी-अवेळी. आदल्या रात्री उताराच्या वळणावर, गाड्यांनी दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरलं आणि गाडी न वळता सरळ बांधावर गेली. त्यांना खरचटलंही नव्हतं, हे महत्त्वाचं.

"पत्र्याचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, टायरची इतकी जाड नक्षी असून गाडी थांबली का नाही?"

प्रश्न रास्त होता. गाडीला मोठ्या बटणांचे, म्हणजे नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांचे, मड-टेरेन (चिखलासाठीचे) टायर होते. गेज लावलं तर ११ मिलिमीटर नक्षी शिल्लक. गोटा झालेले टायर आम्ही रोज उतरवतो. हे तसे नव्हते. पण शटर उघडं होतं, बाहेरची थंडी आत येत होती, आणि त्या थंडीत मी बटणावर अंगठ्याचं नख दाबलं. खूणही उमटली नाही. रबराचा कडकपणा मोजायचा काटा ७० च्या बराच वर गेला. शेजारच्या रॅकमधल्या, हिवाळ्यासाठी बनवलेल्या रबराच्या टायरवर तोच काटा साठीच्या आसपास थांबला. दोन्ही टायर एकाच थंडीत होते. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटीच्या ओळीतले, टायर कधी बनला ते सांगणारे, शेवटचे चार आकडे होते ३८१७, म्हणजे २०१७ सालचा अडतिसावा आठवडा. मुळातच कडक रबर, त्यात एवढं वय.

मी त्यांना बटणं जवळून दाखवली. प्रत्येक बटण अखंड, त्यात एकही बारीक चीर नाही. चिखलात असंच हवं, कारण रुंद खाचांमधून चिखल फेकला जातो. खोल, भुसभुशीत बर्फातही हे टायर खणत पुढे जातात. दाबलेल्या बर्फावर मात्र खणायला काही नसतं. तिथे चिरांच्या शेकडो कडा बर्फात रुततात, आणि चिरांत-खाचांत अडकलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. रबर कडक आणि कडा मोजक्या असतील तर पकड यायची कुठून?

"पण यावर एम प्लस एस लिहिलंय, मड आणि स्नो," त्यांनी बोट ठेवलं. "म्हणजे बर्फाचेच ना?"

या अक्षरांवर माझा फार राग आहे. नक्षीत ठरावीक मोकळी जागा असली की ती छापता येतात; त्यासाठी बर्फावर टायर चालवून बघावा लागत नाही. शोधायचं ते तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असलेलं चिन्ह. अमेरिका आणि कॅनडात ते १९९९ मध्ये आलं. ते मिळवायला दाबलेल्या बर्फावर प्रमाण टायरशी तुलना करून पकडीची चाचणी द्यावी लागते. काचेसारख्या गुळगुळीत बर्फाबद्दल तेही काही हमी देत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो.

मग त्या मुद्द्यावर आल्या. "मऊ टायर मला परवडणार नाहीत. आधीच्या साध्या टायरची बाजू दगडाने फाडली होती, रात्री, भर रानात. म्हणून तर हे दणकट घेतले."

इथेच बहुतेकांची निवड चुकते. दणकटपणा एका जागी नसतो. दगड टायरची बाजू फाडतो तेव्हा आड येतात ते आतले दोरे, आणि बर्फावर पकड देतं ते जमिनीला लागणारं वरचं रबर. एक कणखर आणि दुसरं थंडीत लवचिक, असा टायर मिळतो. कारखान्यातून आणलेला उभा कापलेला तुकडा मी त्यांच्या हातात दिला: साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूत, दोऱ्यांचे तीन थर. साध्या टायरला बहुधा एक किंवा दोन असतात. टायरवरच्या "टेन प्लाय"चा अर्थ दहा थर असाही नाही. सुती दोऱ्यांच्या काळातली ताकदीची ती मोजणी आहे.

एवढ्यात वर्कशॉपमधल्या मुलाने चौथा टायर रिमवरून उतरवला आणि मला हाक मारली. आतल्या बाजूला, गाडीखाली कधीच न दिसणाऱ्या जागी, बोटभर लांब काप होता. कडा दाबून उघडल्या तर तळाशी दोऱ्यांची पांढरी टोकं, दोन-तीन तुटलेली. साइडवॉलला पॅच मारत नाहीत. तो टायर तिथेच बाद. डॉक्टरबाईंनी स्वतः बोट घालून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जनावराची जखम तपासायची त्यांची सवय असेल, पण एवढ्या लक्षपूर्वक टायर बघणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं.

मी सुचवले ते एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड वापराच्या) वर्गातले, सगळ्या वाटांवर चालणारे ऑल-टेरेन, तीन थरांच्या साइडवॉलचे, डोंगर-हिमकण चिन्ह असलेले. त्यांना रुंद हवे होते. मी नको म्हटलं. दाबलेल्या बर्फावर अरुंद टायर वजन कमी जागेत टेकवतो आणि नीट रुततो, म्हणून मूळचीच रुंदी ठेवली. तोटेही सांगितले. लवचिक रबर खडीवर लवकर झिजेल, बटणांच्या कडांचे टवके उडतील. टायर जड आहे, इंधन थोडं जास्त लागेल. साफ केलेल्या डांबरीवरूनच त्या जात असत्या तर मी निव्वळ हिवाळी टायर दिले असते. बर्फावर ते याहून सरस. त्यांच्या दगडांत ते टिकले नसते. निसरड्या चढासाठी चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत ठेवायच्याच.

हवेचं मात्र मी त्यांच्याकडून पाठच करून घेतलं. दारावरच्या स्टिकरचा आकडा मूळच्या साध्या टायरचा आहे. तेवढंच वजन पेलायला एलटी टायरला जास्त हवा लागते. शिवाय तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सियस उतरलं की हवेचा दाब एक पीएसआय कमी होतो. वर्कशॉपच्या उबेत भरलेली हवा रानात पहाटे कमीच भरते. म्हणून मोजायची ती बाहेर, गाडी थंड असताना.

चारही टायर बसले. त्यांनी खाली वाकून नव्या नक्षीवर हात फिरवला आणि विचारलं, "हे कधी बदलायचे?"

"हिवाळ्यासाठी ४ मिलिमीटरला. त्याखाली बर्फावरची पकड झपाट्याने जाते."

"कायद्याने तर त्याहून कमी चालतात."

"उन्हाळ्यात चालवा, डॉक्टर. बर्फ पडायच्या आधी इथे या, मी मोजून देतो. आणि शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट घट्ट करायला आधी या."