स्टेजिंगच्या भाड्यापासून पुलाच्या सेफ्टी प्लॅनिंगपर्यंत : आमची वाटचाल

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, पुलाच्या कामाला लागणारं स्टेजिंग (ओला स्लॅब खालून पेलणारा लोखंडी सांगाडा), प्रॉप म्हणजे त्याचे उभे आधार, एकमेकांत अडकणारे कपलॉक पाईप, काँक्रीट ज्यावर ओततात त्या प्लेटा हे सगळं आम्ही भाड्यानं देतो, आणि आता काही वर्षं झाली त्याच्या जोडीनं साईटवरच्या माणसांच्या सेफ्टीचं प्लॅनिंग पण करून देतोय. सांगली आणि सातारा हे दोनच जिल्हे. मोठे केबलचे पूल वगैरे आमच्याकडं येत नाहीत, ओढ्यावरचे, कॅनॉलवरचे, दोन-चार गाळ्यांचे (गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग) पूल असतात आणि ते करणारे ठेकेदारही आपल्यासारखेच, एक जेसीबी, एक मिक्सर आणि उधारीवर सिमेंट. अशा साईटवर सेफ्टी ऑफिसर नसतो. मुकादम हाच सगळं काही.

धंदा सुरू केला आमच्या अण्णांनी. ते स्वतः सेंट्रिंगचे मुकादम, लाकडी बल्ल्यांच्या काळातले. नंतर थोडे लोखंडी प्रॉप घेतले, ते भाड्यानं द्यायला लागले, त्यातून हे शेड उभं राहिलं. अण्णांची एक सवय होती, काँक्रीट टाकायच्या आदल्या संध्याकाळी हातोडी घेऊन स्लॅबखाली शिरायचे आणि एकेका प्रॉपवर हलकेच ठोका मारत जायचे. भार घेऊन ताठ बसलेला प्रॉप टणक वाजतो, जो ढिला आहे तो थरथरतो आणि आवाज फुटका येतो. ढिला सापडला की खडूनं फुली मारायची आणि जागेवरच जॅक (प्रॉपची उंची कमी-जास्त करायचा स्क्रू) आवळायला लावायचा, दुसऱ्या दिवशी बघू हा विषयच नाही. मी डिप्लोमा करून धंद्यात आलो तेव्हा माझ्याकडं गणित होतं पण हा कान नव्हता, तो त्यांच्यामागं फिरून फिरून आला.

सेफ्टी म्हणलं की लोकांच्या डोळ्यापुढं हेल्मेट आणि केशरी जॅकेट येतं. ते पाहिजेच, त्यात वाद नाही. पण माणूस पडतो, दबतो, चिरडतो तो बहुतेक वेळा कामाचा क्रम आधी ठरलेला नसतो म्हणून, आणि हे मी पोटतिडकीनं सांगतोय कारण क्रम ठरवायला पैसे फार लागत नाहीत, फक्त काम सुरू व्हायच्या आधी चार माणसं एका टेबलाला बसावी लागतात. २०२३ च्या १ ऑगस्टला पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर उचलून बसवणारं अवजड यंत्र) कोसळला आणि २० जणांचा जीव गेला, तेव्हा आम्हाला बऱ्याच ठेकेदारांचे फोन आले की आपल्याकडचं काम बघून जा. ती साईट प्रचंड मोठी होती. पण लहान पुलाखाली दोनच माणसं दबली तरी त्यांच्या घरी काय होतं ते सारखंच असतं.

आमच्या भागातला पहिला प्रश्न म्हणजे जमीन. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी आणि ओली झाली की तिच्यात काही दम राहत नाही. आता बघा, ६० सेंमी जाडीचा सॉलिड स्लॅब असला तर नुसत्या ओल्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला दीड टन होतं, त्यात प्लेटा, माणसं, पंपाचे हादरे धरले आणि मीटर-मीटरवर उभे पाईप असले तर एका पाईपवर दोन टनाच्या आसपास भार येतो. त्याच्या खालची बेस प्लेट असते १५ सेंमी बाय १५ सेंमी, म्हणजे त्या एवढ्याशा चौकोनाखालच्या मातीवर चौरस मीटरच्या हिशोबानं जवळजवळ ९० टन. भिजलेली काळी माती दहा-पंधरा टनसुद्धा खात्रीनं घेत नाही. म्हणून आम्ही मटेरियल पाठवायच्या आधीच विचारतो की खाली मुरूम टाकून रोलर फिरवलाय का, त्यावर भार पसरवायला लाकडी स्लीपर किंवा लोखंडी चॅनेल टाकणार का, पाणी जायला चर काढलाय का. नसेल तर गाडी भरायची नाही. यावरून दोन-तीन गिऱ्हाईकं तुटली, त्यांनी दुसरीकडनं माल उचलला, उचलू दे.

वाळवा तालुक्यात एका ओढ्यावर आदल्या रात्री वळीव कोसळला आणि सकाळी स्लॅब ठरलेला. मिक्सर वाटेत, पंप लागलेला, ठेकेदाराची घाई. आम्ही खाली जाऊन स्लीपरच्या कडेला पहार घातली तर ती वीतभर सहज आत गेली आणि भोकात पाणी वर आलं. वरनं बघितलं तर सगळं सरळ रेषेत दिसत होतं. मुकादम मामा म्हणले, "मालक, आज न्हाई. आज टाकला तर खालच्यास्नी धोका हाय." ठेकेदारानं मिक्सर परत फिरवले, मला त्या माणसाबद्दल आजही आदर आहे. मग तिथं ओली माती उकरून मुरूम भरला, स्टेजिंग परत लेव्हलला घेतलं, आणि नंतर स्लॅब टाकला.

स्लॅब टाकताना पण क्रम असतोच. पंपाचा पाईप एकाच जागी धरून ढीग करायचा नाही, मीटरभर उंच ढीग झाला तर तिथं चौरस मीटरला अडीच टन भार पडतो जो हिशोबात धरलेलाच नाही. स्लॅबखाली कुणी थांबायचं नाही, कडेला बाहेर उभा राहून टॉर्च मारून जॅकवर लक्ष ठेवणारा एक माणूस आणि त्याच्या गळ्यात शिट्टी, त्यानं शिट्टी मारली की पंप बंद, कुणाला विचारायचं नाही. आणि स्टेजिंग खोलताना तर जास्तच. मोठ्या गाळ्याचे प्रॉप १४ दिवसांच्या आत, आणि गाळा सहा मीटरच्या वर असेल तर बीमखालचे प्रॉप २१ दिवसांच्या आत काढायचे नाहीत, हे सगळ्यांना पाठ असतं, पण कुठून सुरुवात करायची हे सांगितलेलं नसतं. साध्या गाळ्याला मधनं सुरू करून दोन्ही टोकांच्या खांबांकडं जायचं, बाहेर लोंबत्या भागाला टोकाकडनं आत यायचं. उलटं केलं तर स्लॅब नको तिथं भार घेतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पुराचं इथं कुणाला सांगायची गरज नाही, कृष्णेवरचा १९२९ चा आयर्विन पूल अख्ख्या सांगलीची मोजपट्टी आहे, ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. पावसाळ्यात तसंही कुणी पायाच्या खड्ड्यात उतरत नाही. धोका असतो तो कोरड्या दिवसांत. ऊन पडलंय, पात्रात बंड (मातीचा तात्पुरता बांध) घालून पिअरचं म्हणजे पुलाच्या खांबाचं फाउंडेशन चाललंय, आणि वरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले किंवा कोयनेच्या पायथा वीजगृहातून पाणी सोडलं की खाली ढग नसताना पाणी चढतं. म्हणून आमच्या प्लॅनमध्ये पाटबंधारेच्या शाखा अभियंत्यांचा नंबर पहिल्या पानावर असतो, रोज संध्याकाळी एक फोन, आणि पात्रात एका लोखंडी पाईपला लाल पट्टा मारलेला. पाणी पट्ट्याला टेकलं की सगळ्यांनी वर यायचं, पंप आणि व्हायब्रेटर राहिले तरी चालतील. खड्ड्यातनं वर यायला शिड्या दोन बाजूंना पाहिजेत, एकच असली तर नेमकी तीच पाण्याकडं असते. आणि काढलेली माती काठावरच रचायची नाही, निदान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, जे जास्त ते, एवढं लांब. चालतंय म्हणून लोक काठावरच टाकतात आणि तीच माती आतल्या माणसावर बसते.

हार्नेसचं (उंचीवरून पडू नये म्हणून अंगात घालायचा, दोरीनं अडकवलेला पट्टा) मात्र सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण यात खूप गैरसमज आहे. दोरी साधारण १.८ मीटर, झटका शोषणारी पट्टी पूर्ण उघडली तर आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, खाली माणसाची उंची, वर थोडं मार्जिन. बेरीज केली तर सहा मीटर होते. आपल्याकडचे बरेच पूल चार-पाच मीटर उंचीचे! म्हणजे हूक पायाशी लावला तर हार्नेस घालूनही माणूस जमिनीला आपटणार. त्यामुळं कमी उंचीच्या पुलाला आम्ही आधी रेलिंग लावायला सांगतो, कमरेच्या वर एक पाईप, मध्ये एक, खाली १५ सेंमीची फळी म्हणजे पाना-हातोडी खाली कुणाच्या डोक्यात पडणार नाही. जिथं रेलिंग बसतच नाही तिथं हूक डोक्याच्या वर आणि दोरी आखूड. आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, पायात रक्त साठून तो बेशुद्ध पडतो, तर शिडी कुठं ठेवलीय हे सकाळीच दाखवायचं.

क्रेनबद्दल थोडक्यात. दोन पायांची स्लिंग (वजन उचलायचा दोर किंवा साखळी) जितकी पसरट लावाल तितका एकेका पायावर भार वाढतो, आडव्याशी ३० अंश कोन झाला तर दहा टनाच्या वजनाला प्रत्येक पायावर दहा-दहा टन येतो. हे चित्र काढून आम्ही शेडच्या भिंतीवरच रंगवून घेतलंय, माल न्यायला आलेला ड्रायव्हर पण बघतो.

आमच्याकडच्या साईटवर मालदा, झारखंडकडची पोरं असतात, विजापूरकडची कुटुंबं असतात. सकाळची दहा मिनिटांची बैठक हिंदीत आणि कानडीत होते, आणि शेवटी त्यांच्यातल्याच एकाला विचारतो की आज सगळ्यात धोक्याचं काम कुठलं. उत्तर बरोबर आलं की काम सुरू. ठेकेदाराच्या बिलातनं एक टक्का सेस (बांधकाम कामगारांच्या कल्याणाचा उपकर) कापला जातो तो कामगारांसाठीच असतो, पण ९० दिवसांच्या कामाचा दाखला आणि नोंदणी झाल्याशिवाय त्यांच्या हाताला काही लागत नाही, म्हणून आमची ऑफिसातली ताई साईटवर जाऊन फॉर्म भरून घेते. याचे पैसे आम्ही लावत नाही.

पैशाचं म्हणाल तर सेफ्टी वेगळ्या आयटममध्ये दाखवली की घासाघीस करताना तीच पहिल्यांदा उडते. म्हणून आता आम्ही भाड्याच्या दरातच रेलिंग, शिड्या, फळ्या आणि ड्रॉइंग धरूनच कोटेशन देतो. दर थोडा वर दिसतो, काही कामं जातात. जी राहतात ती परत परत येतात.

सध्या कराडच्या पुढं एका ओढ्यावरच्या तीन गाळ्यांच्या पुलाचं चाललंय. वळण रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांच्या वाटेवरच येतोय आणि कारखाने सुरू झाले की रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या जाणार, म्हणून वळणाचा उतार कमी करून घेणं, रिफ्लेक्टरचे बोर्ड आणि रात्रीचा झेंडेवाला हे आधी, पायाची खोदाई त्याच्यानंतर, असा क्रम ठेकेदाराला लिहून दिलाय. दिवाळीनंतर गाड्या निघतील.