पोटभाडेकरू

दगड आणला होता फक्त. फ्लोरिडाजवळच्या समुद्रात मुद्दाम बुडवून, स्पंज-शेवाळ धरेपर्यंत मुरवलेला. न्यू जर्सीतल्या आमच्या हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत तो एकटा उतरला नव्हता, हे कळायला दोन रात्री गेल्या.

पहिल्या रात्री काचेवर रव्याच्या कणांसारखे ठिपके पळताना दिसले. ते कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या गोतातले इवले जीव, माशांना फुकटचा खाऊ. दुसऱ्या रात्री टाकीतून 'टक्' असा आवाज आला. काच तडकली म्हणून धावलो, तर काच शाबूत. असा आवाज करणारे नेहमीचे संशयित दोन: पिस्तूल कोळंबी किंवा मँटिस श्रिंप. पहिली बहुधा निरुपद्रवी, दुसरी मासे फस्त करणारी. नुसत्या आवाजावरून काय ओळखणार? जिन्यातल्या चपलांवरून पाहुणा ओळखायचा प्रकार.

मग टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळून पाळत सुरू केली. लाल उजेड यातल्या बहुतेकांना फारसा जाणवत नाही. रात्री एकला भोकातून गुलाबी, दोन्ही कडांना केसांची झालर असलेला किडा निघाला. ब्रिसल वर्म. माझ्या अंगावर काटा आला, त्याच्या होताच. चिमटा घेतला होता, पण हा उष्टं-खरकटं खाऊन टाकी साफ ठेवतो, म्हणून सोडला. अर्थात त्याचे दांडगे भाऊबंदही असतात. इंग्लंडमधल्या न्यूकीच्या मत्स्यालयात २००९ साली कोणीतरी प्रवाळ कुरतडत होतं. सापळे लावून झाले, शेवटी देखावा मोडला तेव्हा चार फुटी किडा निघाला. त्याचं नाव ठेवलं बॅरी!

खेकडा दिसला तो व्हिडिओ कॉल चालू असताना. मालवणहून आई म्हणाली, "डेंगे दाखय बघया." मी पुस्तकी नाव शोधत बसलो होतो, आणि बाईंनी नेमकं विचारलं. डेंग्यांची, म्हणजे नांग्यांची, टोकं चमच्यासारखी पसरट असली तर शेवाळ खाणारा, अणकुचीदार असली तर शिकारी असण्याचा संशय. याची टोकं काळी, टोकदार, वर पाय केसाळ.

काचेचा ग्लास दगडाला तिरका टेकवला, तळाशी कोळंबीचा तुकडा. सकाळी साहेब आत बसलेले. गुळगुळीत काच चढता येत नाही. आता ते वेगळ्या टाकीत, सहकुटुंब नव्हे, एकटे.

'टक्'वाला अजून सापडलेला नाही. रोज सकाळी चहाआधी मी मासे मोजतो. काल सात होते. आज सहा दिसले. सातवा दगडामागे असेल.