तुम्ही विचारलंत म्हणून: भारत १०८वा की १२९वा?

मार्च २०२४मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा लिंगविषमता निर्देशांक आला. त्यात भारत १०८वा. जूनमध्ये जागतिक आर्थिक मंचाचा लिंगभेद निर्देशांक आला. त्यात १४६ देशांत १२९वा. तेव्हापासून जो तो आपल्या सोयीचा आकडा हातात घेऊन विचारतो, ‘यातला खरा कोणता?’ दोन्ही खरे, असं म्हटलं की मी प्रश्न टाळतोय असं लोकांना वाटतं. टाळत नाही. एकदा नीट सांगतो.

मंच फक्त स्त्री-पुरुषांमधली दरी मोजतो. तीस टक्के मुलगे शाळेत आणि तीसच टक्के मुली, तरी गुणोत्तर १ आणि गुण पूर्ण. म्हणून रवांडा २०२२मध्ये सहावा होता आणि जपान २०२४मध्ये ११८वा. विकास कार्यक्रम दरीबरोबर पातळीही मोजतो: मातामृत्यू, किशोरवयातली बाळंतपणं, संसदेतल्या जागा, माध्यमिक शिक्षण, श्रमशक्तीतला सहभाग. पहिल्या दोहोंना पुरुषांकडे जोडच नाही, म्हणून सूत्रात त्यांच्या बाजूला सरळ १ धरतात. परिणाम असा, की दवाखाने सुधारले की ‘विषमता’ कमी होते. भारतात मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे १३० होतं (२०१४-१६), ते ९७वर आलं (२०१८-२०), आणि त्याचा फायदा या निर्देशांकात दिसतोच. याला मी बराच काळ सदोष मापन म्हणत आलो. सूत्र म्हणून ते सदोष आहेच. पण बाळंतपणात बाई जगणं हा समानतेचा भाग नाही, असंही म्हणवत नाही.

आणखी एक, दिशा उलट्या आहेत. मंचाकडे १ म्हणजे समानता, विकास कार्यक्रमाकडे ०. बातम्यांत हा घोळ सर्रास होतो.

आता २०२२ची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त वाद तिच्यावरून झाले. मंचाच्या यादीत भारत १४०वरून १३५वर आला आणि ‘पाच पायऱ्या वर’ असे मथळे झळकले. आदल्या वर्षी यादीत १५६ देश होते, त्या वर्षी १४६. दहा देश गळाल्यावर पाच पायऱ्यांचा अर्थ काय लावायचा? क्रमांक सोडा, गुण पाहा, हे मी तेव्हापासून सांगतोय. त्याच अहवालात भारताचे राजकीय गुण घटले होते, आणि कारण त्यातच दिलंय: गेल्या ५० वर्षांत देशाच्या सर्वोच्च पदी स्त्री किती वर्षं होती, त्याचा वाटा कमी झाला. म्हणजे ५० वर्षांची खिडकी पुढे सरकली आणि इंदिरा गांधींच्या कारकिर्दीची १९६६पासूनची पहिली वर्षं एकेक करून तिच्याबाहेर गेली. त्या साली देशात कुठल्याही बाईचा कुठलाही हक्क गेला नव्हता. या एका घटकाला राजकीय गटात ०.४४३ इतकं वजन आहे. आर्थिक, शिक्षण, आरोग्य आणि राजकीय अशा चार गटांची सरळ सरासरी निघत असल्याने एकूण गुणांत साधारण ११ टक्के. खालिदा झिया आणि शेख हसीना यांची वर्षं मिळून पंचवीसच्या, म्हणजे पन्नासातल्या निम्म्यांच्या, वर जातात, म्हणून बांगलादेशाला इथे पैकीच्या पैकी. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. त्या जागांना या गुणांत शून्य किंमत.

मग हा निर्देशांक भारतावर अन्याय करतो का? हे ऐकायला आलेल्यांची इथे निराशा होते. त्याच २०२२मध्ये आरोग्य गटात भारत १४६पैकी १४६वा होता. जन्मावेळच्या लिंग गुणोत्तराला (दर मुलग्यामागे मुली किती) त्या गटात ०.६९३ वजन आहे आणि ०.९४४ गाठलं की पूर्ण गुण मिळतात. निसर्गाने जगभर जे फुकट दिलंय, ते आपण गर्भलिंगनिदान करून गमावतो. तिथे सूत्राकडे बोट दाखवायला मी तयार नाही.

आर्थिक गटाबद्दल मात्र माझं भांडण आहे. त्यातला सर्वांत जड घटक, ०.३१० वजनाचा, ‘समान कामाला समान वेतन’. हा आकडा पगारपत्रकांतून येत नाही. उद्योगांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना १ ते ७ या मापावर त्यांचं मत विचारतात. स्त्रीचं ‘अंदाजित उत्पन्न’ही कुणा बाईला विचारलेलं नसतं, देशाचं उत्पन्न, श्रमशक्तीतला वाटा आणि वेतनाचं गुणोत्तर यांवरून ते काढतात. इकडे आपल्या श्रमशक्ती सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८च्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४मध्ये ४१.७वर गेला. पण ही वाढ मुख्यतः ग्रामीण आणि स्वयंरोजगारातली आहे, आणि घरच्या शेतात-धंद्यात बिनपगारी राबणारीही त्यातच मोजली जाते.

ऊसतोडीचा कोयता घ्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीची, आणि ती बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात पडते. ती बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते, मग पालावर येऊन स्वयंपाक करते. श्रमशक्तीत तिची नोंद होते, म्हणजे निर्देशांक सुधारतो. तिच्या हातात किती पैसे पडले, हा रकाना दोन्हींपैकी एकाही निर्देशांकात नाही. तेव्हा १०८ की १२९ हे विचारण्याआधी, कोयत्याच्या उचलीतली अर्धी रक्कम कुणाच्या नावावर लिहायची ते विचारा. त्यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.