जांभळ्या झाकणाचा अर्धा सीसी

तालुक्याच्या गावातील एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मी गेली बावीस वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करतो. या काळात मी स्वतः किती हातांतून रक्त काढले असेल याचा हिशेब ठेवलेला नाही. परंतु एका आजींच्या उजव्या हातातून एकाच दिवशी दोनदा काढलेले रक्त मात्र मला अजून तपशिलासकट आठवते, कारण त्या दिवशी चूक जिच्या हातून झाली तिला ते काम मीच शिकवले होते.

पावसाळ्याचे दिवस होते आणि जुलाबाच्या रुग्णांनी स्त्रियांचा वॉर्ड भरला होता. बहात्तर वर्षांच्या आजी आदल्या रात्री अशाच तक्रारीने दाखल झाल्या होत्या. तीन दिवस जुलाब, हातापायांत गळून गेल्यासारखे होणे आणि जोडीला रक्तदाबाची जुनी गोळी, अशी त्यांची हकिकत केसपेपरवर लिहिलेली होती. सकाळचे नमुने घेण्याची पाळी आमच्याकडे डीएमएलटीच्या, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेच्या, प्रशिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थिनीची होती. साडेआठला नमुने आले, मी ते नोंदवून सेंट्रिफ्यूजला लावले आणि साडेनऊच्या सुमारास आजींचे आकडे यंत्रावर उमटले. पोटॅशियम 8.1 होते.

ज्यांचा या आकड्यांशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो की, रक्तातील पोटॅशियम साधारण 3.5 ते 5.1 या मर्यादेत असते, आणि 6.5 च्या पुढे ते गेले की हृदयाचे ठोके बिघडण्याची धास्ती असते. असा आकडा दिसताच तंत्रज्ञाने वॉर्डला फोन करायचा आणि समोरच्याकडून तो आकडा परत वदवून घ्यायचा, हा आमचा नियम आहे. मी फोन केला. ड्युटीवरचे डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. ते मला काका म्हणतात. जुलाबाने पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येणे आणि त्यात रक्तदाबाच्या गोळीने पोटॅशियम वाढणे हे त्यांना अगदीच शक्य वाटले, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते शक्य होतेही. “काका, मी कॅल्शियम ग्लुकोनेट आणि इन्सुलिनची तयारी करतो,” असे ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मी अहवालाच्या बाकीच्या ओळी वाचल्या. हे खरे तर फोनच्या आधी करायला हवे होते, पण अशा आकड्याने माणसाची नजर एकाच ओळीवर खिळते. सोडियम आणि क्रिएटिनिन जवळपास ठीक होते. कॅल्शियम मात्र 3.6 होते, जे साधारण 8.5 ते 10.5 असायला हवे. अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातले एन्झाइमही तळाला गेलेले होते. कॅल्शियम खरोखर इतके उतरलेल्या माणसाची बोटे वाकडी होतात, अंगाला पेटके येतात, कधी झटकेही येतात. आणि त्या आजींनी तासाभरापूर्वी चहात साखर कमी पडल्यावरून वॉर्डातल्या मावशींशी वाद घातल्याचे नमुने आणणाऱ्या मामांनीच मला सांगितले होते.

पोटॅशियम खोटे वाढलेले दिसले की पहिला संशय रक्तपेशी फुटल्याचा येतो. तांबड्या पेशींच्या आत बाहेरच्या द्रवापेक्षा वीसपटीहून अधिक पोटॅशियम असते, त्यामुळे बारीक सुईतून जोराने पिस्टन ओढला, सिरिंजमधले रक्त दाबून बल्बमध्ये, म्हणजे नमुन्याच्या नळीत, मारले किंवा बल्ब खुळखुळ्यासारखा हलवला, की पेशी फुटून ते बाहेर सांडते. पण अशा वेळी वरचे सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारा द्रव, गुलाबी किंवा लालसर दिसते. मी रॅकमधून आजींचा बल्ब उचलून उजेडात धरला, तर सिरम गवती पिवळे आणि स्वच्छ होते. मग मी तो बल्ब हळूच तिरका केला. लाल झाकणाच्या, म्हणजे गोठणे रोखणारे द्रव्य नसलेल्या, प्लेन बल्बमधले रक्त गोठून खाली जेलीसारखा घट्ट गोळा बसतो आणि बल्ब कलंडला तरी तो जागचा हलत नाही. इथे खाली गोळा होता, परंतु त्याच्यावर सुट्या पेशींचा एक पातळ लाल थर होता आणि तो बल्बबरोबर डुलत होता. एकाच बल्बमध्ये गोठलेले आणि न गोठलेले रक्त एकत्र सापडण्याचे कारण माझ्या माहितीत एकच होते.

(निर्वात ट्यूब येऊन बरीच वर्षे झाली, तरी आमच्या तोंडी त्यांचे नाव बल्बच राहिले आहे, म्हणून इथेही तसेच लिहितो.)

जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असते आणि ते बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते. रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम लागते. ईडीटीए ते कॅल्शियम पकडून ठेवते आणि म्हणून रक्त पातळ राहून पेशी मोजता येतात. हे रक्त थोडे जरी प्लेन बल्बमध्ये गेले, तरी त्याच्याबरोबर पोटॅशियम आत जाते, कॅल्शियम मात्र बांधले जाते, आणि ज्यांना चालायला जस्त व मॅग्नेशियम लागते ती अल्कलाइन फॉस्फटेजसारखी एन्झाइमे मंदावतात. यंत्राने आपले काम चोख केले होते. त्याच्या पुढ्यात जे ठेवले गेले, ते त्याने मोजले.

मी दुसरा फोन न करता सरळ वॉर्डात गेलो, कारण इन्सुलिन भरलेली सिरिंज फोनवर थांबवण्यापेक्षा समोर उभे राहून थांबवलेली बरी. डॉक्टरांच्या हातात आजींचा ईसीजी होता आणि ते स्वतःच बुचकळ्यात पडलेले होते. पोटॅशियम इतके वाढलेले असताना ज्या उंच, टोकदार टी लाटा दिसायला हव्यात त्या तिथे नव्हत्या. उलट त्या जरा बसकट वाटत होत्या. मी त्यांना कॅल्शियमचा आकडा आणि बल्बमधला थर सांगितला. त्यांनी इन्सुलिन बाजूला ठेवले आणि म्हणाले, “काका, या वेळी तुम्हीच काढा.”

आजी मला पाहून वैतागल्या. “आता गं बया, परत? सकाळीच ती पोरगी बाटलीभर रक्त घेऊन गेली की.” बाटलीभर म्हणजे फार तर पाच सीसी, चहाचा एक चमचा, पण पडून असलेल्या माणसाला सिरिंज मोठीच दिसते. मी त्यांना त्यांचे पूर्ण नाव आणि वय विचारले. “तुम्ही अमुक आजी ना?” असे विचारले की ऐकू कमी येणारा माणूस कशालाही होकार देतो, म्हणून नाव रुग्णाच्या तोंडूनच यायला हवे आणि ते केसपेपरवरील नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायला हवे. त्याच खोलीत एकाच आडनावाच्या दोन बायका होत्या.

डाव्या हाताला सलाइन चालू होते, म्हणून तो हात वर्ज्य. त्या हातातून रक्त काढले तर त्यात सलाइनच मिसळून येते. उजव्या हाताच्या शिरा बारीक आणि खोल होत्या. हात धुऊन मी हातमोजे चढवले, कोपराच्या चार बोटे वर टुर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, बांधले आणि मूठ नुसती मिटायला सांगितली. पुष्कळ जण रुग्णाला मूठ उघड-मीट करायला लावतात. त्याने शीर फुगते खरी, पण स्नायूंतून पोटॅशियमही बाहेर पडते, आणि त्या दिवशी मला नेमके तेच नको होते. कोपराच्या खळग्याच्या मध्यावरची शीर तर्जनीला रबरासारखी उसळती लागली. आतल्या बाजूची अधिक ठळक दिसत होती, पण तिच्या शेजारून धमनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून तिच्या वाटेला गेलो नाही. शीर सापडल्यावर टुर्निकेट सैल केले, सत्तर टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने जागा पुसली आणि ती आपोआप वाळेपर्यंत अर्धा मिनिट थांबलो. फुंकर मारली नाही आणि जागेला पुन्हा बोटही लावले नाही. ओल्या अल्कोहोलमधून सुई गेली तर रुग्णाला चुरचुरते, शिवाय पेशी फुटतात. मग टुर्निकेट पुन्हा आवळून 23 गेजची बटरफ्लाय सुई, तिरके तोंड वर ठेवून, कातडीशी जेमतेम वीस अंशांचा कोन करून आत सरकवली. नळीत रक्त दिसताच मूठ आणि टुर्निकेट दोन्ही सोडवले. टुर्निकेट एका मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळलेले राहू नये, हे प्रत्येक जण परीक्षेत लिहितो.

पहिल्यांदा प्लेन बल्ब भरला, मग जांभळा. जांभळा बल्ब लगेच सावकाश आठ वेळा उलटासुलटा केला. बोळा दाबून धरायला सांगताना आजींचा हात सरळच ठेवला, कारण कोपर दुमडले की रक्त आत झिरपून जागा काळीनिळी पडते. दोन्ही बल्बांवर नाव, क्रमांक आणि वेळ तिथेच, खाटेपाशी उभे राहून लिहिली.

या नमुन्यात पोटॅशियम 3.0 आले.

मी तो आकडा दोनदा चालवून पाहिला. जुलाबावाटे पोटॅशियम निघून गेले होते. आजींना गळून गेल्यासारखे होत होते ते त्यामुळेच. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलते. आधीच्या अहवालावर विसंबून ते दिले गेले असते, तर 3.0 चा आकडा कुठे जाऊन थांबला असता, हे डॉक्टरांनी मला बोलून दाखवले नाही. मीही विचारले नाही. कॅल्शियम 9.0 होते.

दुपारी काम ओसरल्यावर मी त्या विद्यार्थिनीला बोलावले. रागावण्याचा विचार होता, परंतु तिचा चेहरा पाहून मी तिच्या हातात रिकामी सिरिंज आणि दोन नवे बल्ब दिले आणि म्हटले, “सकाळी काय केलंस ते जसंच्या तसं करून दाखव.” तिने करून दाखवले. शीर बारीक म्हणून पाच सीसीची सिरिंज वापरली. रक्त जेमतेम चार सीसी मिळाले. झाकणे काढून आधी जांभळा बल्ब खुणेपर्यंत भरला. प्लेनमध्ये एक सीसीच गेले. पंधरा-वीस मिनिटांनी प्रयोगशाळेत आल्यावर, एवढ्याशा रक्तातून सगळ्या तपासण्यांपुरते सिरम निघणार नाही असे तिला वाटले आणि तिने जांभळ्यातले अर्धा सीसी प्लेनमध्ये ओतले. “सर, रक्त तर त्याच आजींचं होतं,” ती म्हणाली. ते खरेच होते. जांभळा बल्ब आधी का भरलास, असे मी विचारले, तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सर, तुम्हीच सांगितलं होतं, सिरिंजमधलं रक्त पटकन गोठतं, ईडीटीएचं आधी भरायचं.”

मी तसे सांगितले होते. माझ्या उस्तादांनी मला काचेच्या बाटल्यांच्या काळात तसेच शिकवले होते आणि मी ते पुढे चालवले. निर्वात बल्बांबरोबर भरण्याचा क्रमही आला: आधी रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या, मग निळ्या झाकणाचे सायट्रेट, मग प्लेन, मग हिरवे हेपॅरिन, मग जांभळे ईडीटीए आणि शेवटी साखरेचा करडा फ्लोराइड बल्ब. हा तक्ता आमच्या भिंतीवर लावलेला आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसतो. फ्लोराइडच्या बल्बमध्येही बहुधा पोटॅशियमचाच क्षार असतो, हे मी तिला त्या दुपारी पहिल्यांदा सांगितले. ते पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे होते.

तिची ती पुनरावृत्ती पाहताना आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बल्ब भरून झाल्यावर तिने एका हातात सुईची टोपी धरून दुसऱ्या हाताने सुईवर बसवली, आणि ते इतक्या सहजपणे केले की तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत हेच करताना माझ्या अंगठ्यात वापरलेली सुई गेली होती. तेव्हा मी बोट पिळून रक्त काढत बसलो होतो, तेही चुकीचेच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची, पिळायची नाही आणि लगेच वरिष्ठांना सांगायचे. बाधित रक्त लागलेल्या सुईने एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन असली, तरी लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता त्याहून कितीतरी अधिक असते. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत सुरू करायच्या आणि 28 दिवस घ्यायच्या. ते अठ्ठावीस दिवस मला चांगले आठवतात, कारण घरात मी कोणालाच सांगितले नव्हते. मी तिला विचारले की हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झाले आहेत का. तिचे दोनच झाले होते. तिसरा डोस त्याच आठवड्यात दिला गेला, आणि तिच्या ट्रॉलीवर सुई कापण्याचे कटर व पांढरा, न टोचणारा डबा डाव्या हाताशी बांधून ठेवण्यात आला, म्हणजे टोपी शोधण्याची वेळच येऊ नये.

संध्याकाळी घटनांच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची होती. तिने दबक्या आवाजात विचारले की नाव लिहावे लागते का. मी नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात “प्रशिक्षणार्थी” असे लिहिले, देखरेखीच्या रकान्यात माझे पूर्ण नाव लिहिले आणि कारणाच्या रकान्यात “ईडीटीए नमुना प्लेन बल्बमध्ये मिसळला, भरण्याचा क्रम चुकीचा शिकवला गेला” असे नोंदवून खाली सही केली. दूषित बल्ब सात दिवस राखून ठेवण्याच्या रॅकमध्ये लाल पट्टी लावून ठेवला.

आजींना सलाइनमधून पोटॅशियम सुरू झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा नमुना तिनेच घेतला. मी दारात उभा होतो. आजींनी हात पुढे केला आणि आज किती बाटल्या नेणार म्हणून विचारले. “दोनच, आजी. आधी ही लाल, मग ही जांभळी,” असे म्हणत तिने दोन्ही बल्ब त्यांना दाखवले. पोटॅशियम 3.7 आले.